सव्वातीन जीबी
झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की मला लातूरच्या क्लासेसच्या गल्लीतलं ते नोट्सचं दुकान आठवतं. तिथं एक आपा फिजिक्सच्या नोट्स टाइप करून द्यायच्या. मी तेव्हा उदगीरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात फिटिंगचं काम करायचो. मालकानं आपांना चार जीबी रॅमचं, म्हणजे एकेक जीबीच्या चार पट्ट्यांचं मशीन विकलं होतं. त्यातली जुनी सिस्टिम सव्वातीनच्या पुढं मेमरी वापरूच शकत नव्हती, पण हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती. मशीन चालू झालं तशा आपा म्हणाल्या, "भय्या, चार म्हणले होते ना? हे तर सव्वातीनच दाखवून राहिलं." "बाकीची मशीनलाच लागती, आपा," मी म्हणालो. त्यांनी विश्वासानं मान हलवली. मी चहा न घेताच निघालो आणि उदगीरच्या एसटीत जाऊन बसलो, पण जीव थाऱ्यावर राहीना. गाडी सुटायच्या आत उतरलो, जवळजवळ पळतच परत गेलो आणि खरं ते सांगून टाकलं.  आपा शेजारच्या जुन्या, अडत चालणाऱ्या मशीनकडं बघून म्हणाल्या, "मग चारातली एक पट्टी काढ अन् ह्याला बसव. माझी लेक ह्याच्यावर टाइप करती. मालकाला मी सांगते, तू नको बोलू." त्या काय बोलल्या, कुणास ठाऊक, पण पुढं मालक गिऱ्हाइकांना स्वतःच सगळं सांगू लागला. आता नांदेडला माझं दुकान आहे. मशीन विकल्यावर काही सांगायचं राहिलं का, म्हणून मी अजूनही गिऱ्हाइकाच्या मागं रस्त्यापर्यंत जातो.