दोन्ही दंडांवर देवीची लस

माझी मुलगी संगणकावरच्या खेळांसाठी माणसं बनवते. काल तिने हौसेने मलाच बनवलं आणि दाखवायला बोलावलं. डाव्या हाताचं एकच बोट तिने मन लावून घडवलं होतं. बाकीची त्याच्याच नकला, लांबी तेवढी कमी-जास्त. मग तो अख्खा हात उलटवून उजवीकडे लावला होता. त्यामुळे लहानपणच्या देवीच्या लसीचा वण माझ्या दोन्ही दंडांवर उमटला होता. तिने पडद्यावर हात हलवून दाखवला, तशी एकाच साच्यातली ती बोटं पालीच्या पिल्लांसारखी वळवळली आणि मला शिसारी आली.

"अगं, मला दोनदा कोणी टोचलं?"

"बाबा, सगळे असंच करतात. वेळ वाचतो."

माझा उजवा हात जड उचलतो, डावा नुसता धरतो. इतक्या वर्षांत दोन्ही हातांची कातडीसुद्धा सारखी राहिलेली नाही.

तिने उजवा वण पुसला. "डावाही काढू? दंड स्वच्छ दिसेल."

"राहू दे. त्यात तेवढाच मी आहे."

तिचं तोंड उतरलं. तिला शाबासकी हवी होती, पण ती काही माझ्या तोंडून निघेना.