विहारात मागितलेलं

माझी मुलगी सायकलच्या शर्यती खेळते. रस्त्यावरच्या नाही, लाकडी फळ्यांच्या गोल ट्रॅकवरच्या. वळणावर तो ट्रॅक भिंतीसारखा उभा असतो आणि त्या सायकलला ब्रेक नसतो. मागे भारताकडून खेळायला परदेशात गेली आणि पडून आली. तिच्या मांडीत लाकडाची कुसळं गेली होती. डॉक्टरांनी काढली, तरी एक राहिलं होतं. ते मी सुईने काढलं. ती हसत होती, मला हसू येत नव्हतं.

आता पुन्हा भारताच्या संघासाठी दिल्लीला निवड होती. वस्तीतल्या बायकांनी तिच्यासाठी सकाळी विहारात वंदना ठेवली. सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून आल्या. जाऊबाई म्हणाल्या, "काहून वं, तोंड उतरलं तुहं?"

"भेव वाटते. ब्रेक नाही त्या सायकलले."

"तुह्या पोरीच्या तोंडाले तरी कुठं आहे? काही होत नाही तिले!"

सगळ्या हसल्या.

आमच्यात बुद्धासमोर काही मागत नाहीत. तो देव नाही, त्याला नवस नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण त्या दिवशी माझे ओठ पंचशील म्हणत होते आणि आतून मी मागत होते. तिला इजा होऊ नये, एवढं मागून थांबले असते तर बरं होतं. तिची निवडच होऊ नये, असं मी मागितलं.

निवड झाली नाही. थोडक्यात हुकली. माझ्या मागण्याने काही झालं नाही, हे मला कळतं. पण ती बातमी आली त्या दिवशी मी पोटभर जेवले, ते विसरता येत नाही.

ती घरी आली. सायकल झाकून ठेवली, तिच्याकडे बघेना. मी तिच्या आवडीची पाटोडी केली. जेवताना म्हणाली, "बाबा म्हणतात पुढच्या ट्रायलले जाय. कोचबी तेच म्हणतात. तू काहीच बोलत नाही. सोडून देऊ का वं आई? तू म्हणशील तसं करतो."

सोड म्हटलं असतं तर तिने सोडलं असतं. शब्द तोंडात आला होता. पण तिचा चेहरा पाहून मी विहारातलं सगळं सांगून टाकलं.

ती आधी हसली. "बुद्धाले मागतलं? काकूले सांगू नको, विहारातून काढते तुले." मग तिचा घास हातातच राहिला. "खरंच मागतलं? मी हरावं म्हणून?"

मी होकाराची मान हलवली.

"मले वाटलं, माझंच काही चुकलं असन. रोज तेच शोधून राहिली होती मी."

ताट तसंच ठेवून ती उठली. दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन सरावाला गेली. आता घरी असली की हसते, बोलते, मागून मागून जेवते. पण ट्रायल कधी आहे, ते मला सांगत नाही. ते मला जाऊबाईंकडून कळतं.