रेकॉर्ड रूमच्या दाराआड

घरात कुणी भुताखेतांचं बोलायला लागलं, की मी सरळ उठून जाते. तरीही हे लिहिते आहे, कारण हे मी दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीत अनुभवलंय... आणि एकटीने नाही.

ग्वाल्हेर संस्थान जाऊन मध्यभारत आला आणि तोही मोडून मध्यप्रदेश होणार होता, तेव्हाची गोष्ट. उज्जैनला माधवनगरात जमिनींच्या कागदांचं एक सरकारी दफ्तर होतं. मी तिथे क्लार्क. रेकॉर्ड रूमची चाबी माझ्या ताब्यात. लेखी हुकमाशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही, हा नियम. खोलीला दार एकच, खिडक्यांना जाड गज.

गठ्ठे सील होऊन भोपाळला जायचे होते. त्याआधी एका माजी जहागीरदाराचा कारभारी आला. भैरवगढकडची काही शेतं कसणाऱ्यांच्या नावावर लागली होती, आणि याला थोडा वेळ आत एकट्याने बसायचं होतं. नोंदी बदलायला, दुसरं कशाला. मी नाही म्हटलं. तर तो थेट आमच्या साहेबांनाच घेऊन आला. साहेब म्हणाले, बाई, नवी नवी नोकरी आहे, कशाला खराब करून घेता.

"लेखी द्या साहेब, लगेच उघडते."

साहेबांनी माझ्या मेजावरची चाबी उचलली आणि स्वतः कुलूप काढलं. दार हललं नाही. दोघांनी खांदा लावला, तरी नाही. मग आतून, अगदी दाराशी, एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. शांत, जरा कंटाळलेला.

"हुकुम लिखित में है क्या?"

कारभारी जो गेला, तो पुन्हा दिसला नाही. साहेब घामाने भिजले होते. मी दार ढकललं... सहज उघडलं. आत कुणी नव्हतं. दाराला आतून कडीसुद्धा नव्हती.

साहेबांनी माझी बदली शाजापूरला केली. पण गठ्ठे माझ्यासमोर सील झाले, मगच मी बस पकडली.

मैत्रिणी म्हणतात, कुणा जुन्या दफ्तरदाराचा आत्मा असेल. मुलगा म्हणतो, कुणीतरी लपलं असेल. मग तो गेला कुठून? मला आजही ठाऊक नाही. फक्त, त्या आवाजाने कागद वाचवले असं कुणी म्हटलं, की मला राग येतो. आवाज आला नसता, तरी मी दारात आडवी उभी राहिले असते – तो येण्याआधीच एक पाऊल मी दाराकडे टाकलंही होतं.