केतकीचा पिक्चर

हे मी अजून कोणालाच बोललेलो नाही. बायकोलासुद्धा नाही. तुला सांगतोय — ऐकून घे, मध्येच उठू नकोस म्हणजे झालं.

केतकी माझी मावसबहीण, ठाण्यातल्या वर्तकनगरची. कितीतरी वर्षं खपून तिने पिक्चर काढला. मराठीत, आणि तोही सुपरहिरोचा! दहावीतली मुलगी बंद यंत्राला हात लावते, ते चालू होतं. पण त्याच वेळी अख्ख्या बिल्डिंगची लाइट जाते. ट्रेलर बघून मला तर हसूच आवरेना. आमच्या डोंबिवलीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष सावंतकाका म्हणाले, आपल्या पोरीचा पिक्चर आहे, कल्याणचा अख्खा शो मंडळातर्फे घेऊ. आणि मी काय केलं? मंडळाच्या ग्रुपवर ट्रेलर टाकून खाली लिहिलं — फॅन्सी ड्रेस स्पर्धा. सगळे खो खो हसले. बुकिंग बारगळलं.

टिंगल काय, सगळेच करतात. नाही का? पण मग बुधवारी दुपारी मी गुपचूप ठाण्याला जाऊन तो बघितला. कशाला? आणखी हसायला, दुसरं काय!

आणि — काय सांगू तुला! आजोबा लिफ्टमध्ये अडकतात. ती हात लावते, लिफ्ट चालू होते, बिल्डिंग काळोखात. आणि सगळे गॅलरीतून तिलाच शिव्या घालतात. माझ्या पुढच्या रांगेतल्या एक आजी पडद्यावर ओरडल्या, "अरे मेल्यांनो, तिनेच वाचवलंय!" मी ढसाढसा रडलो रे. आमच्या केतकीने केलं हे? आमच्या?

बाहेर आलो तर तिचाच फोन. कल्याणचा शो शुक्रवारपासून काढतायत. आज संध्याकाळपर्यंत कोणी अख्खा शो घेतला तर ठेवतील. दादा, मंडळाला परत एकदा विचारशील? विचारतो, म्हटलं.

खोपटच्या एसटी डेपोसमोर उसाचा रस घेऊन बसलो. काकांचा नंबर समोर होता. एक फोन, बस. पण ग्रुपवर काय सांगणार होतो — मी चुकलो? ज्यांना हसवलं त्यांच्यापुढेच नाक घासू? रस संपला तरी उठवेना. शेवटी फोन लावला, पण काकांना नाही — केतकीला. विचारलं गं, नाही म्हणाले. तू तरी बघितलास का, दादा? नाही गं, वेळच नाही मिळाला.

पिक्चर उतरला. केतकी आता लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडत बसते. दुसरा पिक्चर काढायचं नाव घेत नाही.

यंदा गणपतीत ती आमच्या मंडळात दर्शनाला आली. काकांच्या पाया पडली आणि हसत म्हणाली, "काका, तेव्हा मंडळ दोनदा नाही म्हणालं, पण माझ्या मनात काही नाही हं."

दोनदा? काका गोंधळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

चला, आरतीला उशीर होतोय, असं म्हणून मी टाळ उचलले. सगळ्यांत मोठ्याने मीच आरती म्हटली. केतकी माझ्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती.