मागच्या पानावरची ओळ

शिलाईमावशीकडे वही मागायला गेलं की ती आधी हात पुढे करायला लावायची. तळवे बघायची, मग बोटं, मग नखं. तेलाचा नाहीतर शाईचा डाग दिसला की म्हणायची, "जा, धुऊन ये, वही कुठे पळून जात नाही." मी आयुष्यभर सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, बोटांना कार्बनची काळी कड कायमची बसलेली, त्यामुळे पहिल्या महिन्यात मला तीनदा मोरीकडे परत पाठवलं होतं. मी निवृत्त झालेली बाई, आणि ही मला शाळेतल्या पोरीसारखी हाकलते, याचा मला मनातून राग यायचा. पण वही हवी असायची, म्हणून गुपचूप हात धुवायचे.

मावशी इस्पितळात होती. नर्स वगैरे नाही. धोबीखान्याच्या मागे एक लांबट खोली होती, तिथे ती एकतीस वर्षं फाटक्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे डगले दुरुस्त करत बसली. गोधड्यांचा नाद तिला तिथेच लागला. नमुना तिला कशातही दिसायचा. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या फरशा, बसच्या बाकाचं फाटलेलं कव्हर, अंड्यांचा ट्रे, जिन्याच्या कठड्याची दुपारची सावली. एकदा आम्ही दोघी रस्ता ओलांडत होतो आणि ही मधोमध थांबली, कारण समोरच्या टेम्पोची काच तडकलेली होती आणि तडे तिला आवडले. टेम्पोवाला जे बोलला ते मी लिहीत नाही. मावशीने मात्र पलीकडे पोचल्यावर पिशवीतून वही काढली आणि ते तडे उतरवून घेतले.

अशा सात वह्या होत्या. वॉर्डात वापरून उरलेली लांब रजिस्टरं, त्यात डाव्या पानावर नमुना आणि उजव्या पानावर मापं. मागच्या पुठ्ठ्याला कापडी खिसा, त्यात औषधांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेले फरमे. फरमा कापडावर ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची आणि कापायचं. दर बुधवारी दुपारी आम्ही आठ-नऊ जणी लाँड्रीच्या वरच्या खोलीत जमायचो. खालून इस्त्रीची वाफ यायची आणि थंडीत पाय गरम राहायचे, म्हणून ती खोली आम्हाला आवडायची. तिथे वह्या या हातातून त्या हातात जायच्या.

वही नेण्याची एकच अट होती. परत देताना शेवटच्या पानावर आपली चूक लिहायची. काय छान जमलं ते नाही, काय बिघडलं ते. म्हणजे पुढची त्याच खड्ड्यात पडणार नाही. पोस्टातल्या वहिनींनी दुसऱ्या वहीत लिहिलं होतं, 'घाईत दोन रांगा उलट्या लागल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या रोज येतं.' दातांच्या दवाखान्यात काम करणारी एक होती, तिने लिहिलं होतं, 'नवऱ्याला माप घ्यायला सांगितलं.' एवढंच. मावशी ती पानं पुन्हापुन्हा वाचायची आणि हसायची. नमुन्यांपेक्षा तिचा जीव या मागच्या पानांवर जास्त होता.

सातवी वही ती कुणाला देत नसे. त्यात एकच नमुना होता, लिफ्टच्या जाळीच्या दाराचा. तिचा नवरा त्याच इस्पितळात लिफ्टमन होता. जुनी लिफ्ट, ओढून बंद करायचं लोखंडी जाळीचं दार. मावशी कपड्यांची गाडी घेऊन उभी राहायची आणि तो त्या जाळीच्या पलीकडून वर निघून जायचा, असं म्हणे वर्षभर चाललं, मग लग्न झालं. नमुन्यात मधे एक चौकोन आणि त्याच्या चारी बाजूंना चार त्रिकोण, असे साठ ठोकळे. फरमे त्यानेच कापून दिले होते. त्रिकोणाच्या मागे त्याने बॉलपेन दाबून वर जाणारा बाण काढला होता, लिफ्टच्या बटणावर असतो तसा. मावशी सांगायची, "मी म्हटलं, हे कशाला, तर म्हणाला, उलटा धरशील म्हणून."

तो गेला. त्याचे गणवेशाचे अकरा शर्ट राहिले, राखाडी निळे. ती गोधडी याच शर्टांची करायची हे ठरलेलं होतं, पण दोन वर्षं तिला कात्री लावायचा धीर झाला नाही. घरात ती आणि तिची नणंद, दोघीच. नणंद कानाने अधू आणि जिभेने तेज. ती सारखी म्हणायची, "माझ्या भावाचे कपडे कसरीला घालणार आहेस का?" मग इस्पितळातल्याच डोळ्यांच्या डॉक्टरांनी मावशीला सांगितलं की नजरेचा मधला भाग झिजतोय, हळूहळू जाईल, वर्षभर तरी काम चालेल. ते ऐकून ती घरी आली आणि तिने शर्ट धुवायला काढले. वर्ष हाताशी आहे, तेवढ्यात गोधडी पुरी करायची.

आणि नेमकं तेव्हा मी मधे नाक खुपसलं. आम्हा सगळ्यांनाच तो जाळीचा नमुना हवा होता, विचारायची हिंमत कुणाला नव्हती. मी विचारलं. तिने हातातला टाका पुरा केला आणि म्हणाली, "ने. पण पुढच्या बुधवारी परत दे, मला कापायला बसायचंय."

कचेरीत चाळीस वर्षं मी एकच गोष्ट केली, प्रती काढल्या. एक साहेबाला, एक फायलीला, एक कुठेतरी असावी म्हणून. मी वही झेरॉक्सवाल्याकडे नेली, फरमे काचेवर ठेवून आठ जणींसाठी आठ प्रती काढल्या, घरी त्यावरून पुठ्ठे कापले. मावशीनेच वाटलेली औषधांची खोकी, तोच पुठ्ठा. जेवणाच्या टेबलावर चौकोनांचा एक ढीग, त्रिकोणांचा एक ढीग. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की विचारू नका. झेरॉक्सचं मशीन आपल्या मनाने चित्र थोडं लहान करतं, कड सोडायला, हे मला ठाऊक असायला हवं होतं. चार इंचांत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. टंकलेल्या पत्रात ते कुणाला कळत नाही.

बुधवारी मी फरम्यांची पाकिटं करून नेली आणि मावशीची वही परत दिली. शेवटच्या पानावर लिहिलं, 'अजून शिवायला घेतलं नाही, चूक नाही.' मावशीने खिशातून फरमे काढले, त्रिकोण उलटा केला आणि अंगठा फिरवला.

"बाण आहे ना गं मागे? बोटाला लागत नाही."

मी पाकिटांवर नावं घालण्यात गुंतले होते. मान वर न करताच म्हटलं, "आहे की. झिजला असेल."

तिने तो खिशात ठेवला.

शर्टांचे दोनशे चाळीस त्रिकोण तिने तीन आठवड्यांत कापले. चौकोन चादरीच्या पांढऱ्या कापडाचे. चौकोनाचा फरमा तिचाच होता, तो बरोबर. शिवायला बसली आणि त्रिकोणाचं टोक काही कोपऱ्याला पोचेना. उसवलं, पुन्हा शिवलं, पुन्हा तेच. तुकडा फरम्यावर ठेवून बघायची तर तंतोतंत जुळायचा. फरमा बरोबर, तुकडा बरोबर, म्हणजे चूक शिवणीत. शिवणीत म्हणजे डोळ्यांत. दुसरं काय समजणार? तिचा फरमा चुकीचा असेल हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. बाकीच्यांचे चौकोन-त्रिकोण दोन्ही सारखेच लहान झालेले, त्यामुळे त्यांचे ठोकळे मस्त जुळत होते. दातांच्या दवाखान्यातलीने तर दोन महिन्यांत अख्खी गोधडी करून आणली. मावशीने तिचे कोपरे बोटांनी चाचपून पाहिले आणि म्हणाली, "छान."

मी शहाणपण पाजळायला होतेच. "मावशी, वयाचं आहे हो. इतकं मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडे द्या, मी शिवते." ती म्हणाली, "तू शिवलीस तर तुझी होईल." मला वाटलं, म्हातारी हट्टी आहे. घरी जाऊन मी असं बोललेसुद्धा.

पाचव्या महिन्यात ती वह्या घेऊन आली, सातही. टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "वाटून घ्या." कुणीतरी कशीबशी समजूत घालायला लागली, तर हात वर करून तिला थांबवलं. हात बघितले नाहीत कुणाचे. सातवी माझ्याकडे आली. शेवटच्या पानावर, माझ्या त्या ओळीच्या खाली, तिने मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'डोळे गेले. टाका चुकला.' त्यानंतर बुधवारी ती आली नाही.

मी माझी गोधडी शिवायला घेतली ती आणखी तीन महिन्यांनी, गुडघा दुखावल्यामुळे घरी बसले होते तेव्हा. स्वतःचं पाकीट उघडलं. चौकोन काढला, त्रिकोण काढला, एकावर एक ठेवून पाहिले. त्रिकोणाची बाजू चौकोनापेक्षा लांब. एक सूत. म्हटलं, माझीच कात्री घसरली असेल. उलटा केला. मागे बाण होता.

किती वेळ तशी बसले सांगता येत नाही, पातेल्यातलं पाणी आटून गेलं एवढं आठवतं. सगळं एका क्षणात समजलं, आणि त्याहून वाईट हे समजलं की उपाय किती सोपा होता. चादरीचे चौकोन एक सूत लहान कापले असते की झालं. पांढऱ्या चादरींना काय तोटा. कुणी एकदा, फक्त एकदा, दोन फरमे शेजारी ठेवून पाहिले असते तर. पण ते बघायचं मला होतं, आणि मी मान वर केली नव्हती.

दोन दिवस मी गेले नाही. कारणं शोधली. गुडघा हे चांगलं कारण होतं. तिसऱ्या दिवशी वही आणि फरमा घेऊन गेले.

दार नणंदेने उघडलं. "भिंतीकडे तोंड करून बसलीय," म्हणाली, "मी बोलते तर ऐकत नाही. बहिरी मी की ही?" मावशी खाटेवर होती. मी आत आल्यावर तिने माझ्या दिशेला तोंड केलं, पण नजर माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी गेली. वर्ष पुरं व्हायच्या आतच मधलं सगळं गेलं होतं, कडेचं थोडं अंधुक उरलं होतं.

"टायपिस्ट ना? पावलांवरून ओळखलं. लंगडतेस का?"

मी एका दमात सांगून टाकलं. झेरॉक्स, ढीग, बाण, सगळं. 'आहे की, झिजला असेल' हेसुद्धा. मग तिच्या हातात फरमा दिला. तिने तो उलटा केला आणि अंगठा बाणाच्या दांड्यावरून टोकापर्यंत नेला. परत खाली आणला आणि पुन्हा वर नेला. मी रडत होते. ती नव्हती.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली.

"हो."

"मी सांगितलं होतं, बोटाला लागत नाही."

"हो, मावशी."

"मग मी रात्रंदिवस डोळ्यांना शिव्या दिल्या."

मी म्हटलं, त्रिकोण कुठे आहेत, मी चौकोन लहान कापून आणते, तुम्ही सांगा तशी शिवते, तुमचीच राहील. नणंदेला काहीच ऐकू गेलं नव्हतं, तरी तिने माझ्या हातवाऱ्यांवरून ओळखलं असावं, कारण तिने शेजारची उशी उचलून पोटाशी धरली. मावशी म्हणाली, "तिच्या उशीत भरले. तिला भावाशिवाय झोप लागत नव्हती, आता लागते. राहू दे."

"उसवून काढता येतील."

"येतील. मग मी काय करू? तुझ्या तोंडाकडे बघत बसू?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "चार महिने होते माझ्याकडे. चांगले चार महिने, दिसत होतं मला. ते तू दे."

मी उशीकडे केलेला हात मागे घेतला.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "वही आणलीस?"

"आणली."

"मागचं पान काढ. तुझी चूक लिही. सगळी लिही, आणि बुधवारी सगळ्यांना वाचून दाखव."

मी लिहिलं. 'फरम्याची प्रत काढली. प्रत एक सूत लहान आली. मावशीच्या वहीत प्रत गेली आणि मूळ फरमा माझ्याकडे राहिला. मावशीने विचारलं तेव्हा मी न बघता हो म्हटलं.' वाचून दाखवलं. तिने मान हलवली, पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "वर माझी ओळ आहे ना?"

"आहे. ती खोडते."

"सगळी नको." तिने हात पुढे केला. मी वही तिच्या मांडीवर ठेवली, आणि तिचं बोट धरून त्या मोठ्या अक्षरांवर नेलं. "डोळे गेले, हे राहू दे. ते खरंच गेले. टाका चुकला, एवढं खोड."

मी खोडलं. तिने रेघेवरून बोट फिरवून पाहिलं, नीट खोडलंय का ते.