नाचाशिवायची प्रत

इंग्लंडात, यॉर्कशरच्या समुद्रकाठी असलेल्या ब्रिडलिंग्टनमध्ये सेड्रिक हॅलमला लोक ओळखतात ते गालिचे बसवणारा म्हणून. उभा जन्म त्याने गावातल्या घरांमधून गुडघ्यांवर रांगत गालिचे ताणले. आता निवृत्त झाला तरी कुणाकडे चहाला गेला की कपाला हात लावण्याआधी बुटाच्या टोकाने खोलीचा कोपरा दाबून बघतो. "कुणी बसवलाय हा?" असे विचारतो आणि उत्तर काहीही आले तरी खेदाने मान हलवतो.

पण सेड्रिकला दुसरेही एक गाव आहे. ते इंटरनेटवर आहे. जुन्या चित्रपटांच्या डिस्क जमवणारी माणसे तिथे अखंड बोलत बसतात आणि बोलतात ती मुख्यतः अजून न निघालेल्या डिस्कविषयी. निघालेल्या डिस्कविषयी बोलण्यासारखे फारसे नसते. ती घ्यायची, कपाटात ठेवायची, की संपले. पुढच्या महिन्यात काय निघणार, त्याची पेटी जाड पुठ्ठ्याची असेल की साधी, आतली पुस्तिका केवढी असेल, यावर मात्र एरवी अगदी सौम्य असणारी माणसे एकमेकांशी जन्माचे वैर धरतात. त्या गावात सेड्रिकच्या शब्दाला फार मान. ग्लासगोपासून हेलसिंकीपर्यंत त्याला 'यॉर्कशरचा ज्योतिषी' म्हणतात.

मी त्याचा शेजारी. मी शाळेत भूगोल शिकवत असे, म्हणून तो मला मास्तर म्हणतो. त्याच्या पुढच्या खोलीच्या तीन भिंती डिस्कच्या पेट्यांनी भरल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्यांवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघालेला नाही. एकदा मी त्यातली एक पाहायला मागितली. "उघडायची?" त्याने असे विचारले, की जणू मी त्याच्या आईचे थडगे उकरायला कुदळ मागितली होती. चौथी भिंत त्याच्या बायकोला, ग्लेनिसला, मिळाली आहे आणि तिच्यात खिडकी आहे.

या मंडळींचे दैवत म्हणजे लंडनची लॅपविंग नावाची छोटी कंपनी. दर महिन्याच्या शेवटी ती आपल्या ग्राहकांना एक पत्रक पाठवते आणि पत्रकाच्या कोपऱ्यात एक लहानसे रेखाचित्र असते. येणाऱ्या एखाद्या चित्रपटाची ती खूण. ती ओळखायची. आमच्या पबच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी याच कामासाठी पाचसहा जण जमतात. मला चित्रपटांतले कळत नाही, पण बिअर चांगली असते आणि माणसे त्याहून चांगली. एकदा चित्रात किटली आणि डाव्या हाताचा मोजा होता.

"मोजा म्हणजे गळा दाबणारा खुनी," बेसिल प्राउडफूट म्हणाला. बेसिल हा निवृत्त दंतवैद्य आणि सेड्रिकचा जुना प्रतिस्पर्धी. "आणि किटली म्हणजे लंडन."

"किटली म्हणजे लंडन कशी रे?" सेड्रिकने विचारले.

"मग काय पॅरिस? पॅरिसमध्ये किटली असते का?"

"बेसिल, तू आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघितलंस. तेच बघ. चित्रं बघू नकोस."

सेड्रिकला चित्राची गरज नसे. कोणतीही डिस्क निघण्यापूर्वी तिला सेन्सॉरचा दाखला लागतो. तो मिळाला की चित्रपटाचे नाव आणि त्याची लांबी सेन्सॉरच्या संकेतस्थळावर चढते. सेड्रिक रोज सकाळी इतर लोक हवामान बघतात तसा तो तक्ता बघतो. त्याच्या ज्योतिषाचे गुपित एवढेच.

त्याची खरी आस मात्र एकाच चित्रपटाची होती. 'ओहोटीचा पाहुणा'. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, हिवाळ्यात, तो आमच्याच गावात चित्रित झाला. दिग्दर्शक हेक्टर विन्स्लेड. त्याने एकूण तीन चित्रपट काढले आणि तिन्हींवरून भांडला. या चित्रपटात एक माणूस समुद्रकाठच्या खाणावळीत राहायला येतो आणि दीड तास काहीही घडत नाही. ज्यांना तो आवडतो ते म्हणतात, तेच तर त्यात आहे. निर्मात्याला मात्र लोक उठून जातील अशी धास्ती वाटली आणि त्याने मध्येच गावातल्या नाचघरातला एक झोकदार नाच घुसवला. "माझ्या माशावर कुणीतरी मुरंबा ओतला," असे विन्स्लेड मरेपर्यंत म्हणत असे.

तरुणपणी तो चित्रपट गावात लागला तेव्हा सेड्रिकने तो आठवडाभर रोज पाहिला होता. त्यानंतर तो कुठेच आला नाही. ना टीव्हीवर, ना कॅसेटवर. तरीही विन्स्लेडचा मासा सेड्रिकने जपून ठेवला. चित्रपट कधी निघालाच तर नाच वगळून, विन्स्लेडला हवा तसाच निघावा, आणि तो नाच शेवटी वेगळा जोडूनसुद्धा डिस्कवर नसावा, असा अर्ज त्याने लॅपविंगकडे पाठवला. त्यावर देशोदेशींच्या रसिकांनी सह्या केल्या.

त्याच सुमारास एका सकाळी ग्लेनिस कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. मी माझ्या शेंगांच्या वेलांना काठ्या बांधत होतो.

"मास्तर, एक सांगू? कुणाला बोलणार नाही ना?"

"तीस वर्षं पोरांची गुपितं सांभाळली मी."

"त्या नाचात मी आहे."

मी काठी खाली ठेवली.

"बिस्किटांच्या दुकानात होते तेव्हा मी. एकोणीस वर्षांची. नाचघरात माणसं हवीत म्हणून आले ते लोक, दिवसाचं जेवण आणि थोडे पैसे. दिवसभर नाचवलं आम्हाला."

"आणि सेड्रिकला माहीत नाही?"

"कसं सांगणार? पहिल्यांदा त्याच्याबरोबर फिरायला गेले ना, तर बंदराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो नाच किती भिकार आहे हेच सांगत होता. मी काय म्हणू? त्या भिकाऱ्यांतली एक मी?" तिने चिमटा तोंडातून काढून चादरीला लावला. "नंतर लग्न झालं. लग्नाआधी सांगायचं राहिलं की राहतंच बघा."

"पण तू पाहिलास तरी?"

"कुठला! सिनेमा गावात लागला आणि मला कांजिण्या झाल्या. आई बघून आली. म्हणाली, छान दिसतेस, पण तोंड मिटून नाचायला काय होतं तुला?" ग्लेनिस हसली. मग हळूच म्हणाली, "एकदा बघायचंय हो मला. फोटो आहेत त्या वेळचे, पण फोटोत माणूस हलत नाही."

तिच्या कमरेचा सांधा गेल्या वर्षीच बदलला आहे. ती जिना एकेक पायरी थांबून चढते. तीन भिंती तिने एवढ्या आनंदाने का दिल्या हे मला त्या दिवशी कळले. नवऱ्याने एक ना एक दिवस तो चित्रपट घरात आणावा यासाठीच ती इतकी वर्षे त्याच्या पेट्यांवरची धूळ पुसत होती. आणि तो मात्र देशोदेशींच्या सह्या गोळा करून तिलाच त्यातून काढायच्या खटपटीला लागला होता.

मी गुपित पाळायचे कबूल करून बसलो होतो, म्हणून गप्प राहिलो. शिवाय अर्जांनी काही होते यावर माझा विश्वास नव्हता. या एका बाबतीत शाळेच्या अनुभवाने मला फसवले.

पुढच्या वसंतात लॅपविंगच्या पत्रकात वाळूत रुतलेल्या बॅगेचे चित्र आले. गुरुवारी बेसिल सांगत होता, "बॅग म्हणजे रेल्वे. रेल्वेचाच सिनेमा," तेवढ्यात सेड्रिक कोट न काढताच आत आला.

"नाव चढलंय," तो म्हणाला.

"कुठलं?"

"'ओहोटीचा पाहुणा'. आणि लांबी बघितलीत? जुन्या प्रतीपेक्षा सात मिनिटं कमी."

मग बेसिलच म्हणाला, "नाच गेला."

"नाच गेला!"

सगळ्यांनी सेड्रिकला बिअर पाजली. बेसिलनेही पाजली, म्हणजे प्रसंग किती मोठा असेल बघा. मी मात्र माझा ग्लास बेसिलकडे सरकवला.

शनिवारी सेड्रिकने मला चहाला बोलावले. ग्लेनिसने फळांचा केक केला होता आणि सोबत चीज ठेवले होते. ती केक कापत असताना त्याने बातमी सांगितली. मुद्दाम राखून ठेवली होती, साक्षीदार हवा म्हणून.

"जिंकलो गं! काढला नाच."

"सगळा?"

"सगळा. वेगळासुद्धा ठेवणार नाहीत. आम्ही लिहूनच दिलं होतं तसं."

ग्लेनिसने सुरी खाली ठेवली. "सेड्रिक, त्या नाचात मी होते."

"कुठल्या नाचात?"

"तुझ्या मुरंब्यात."

दुसरा कुणी नवरा असता तर 'काय सांगतेस' म्हणाला असता. सेड्रिकने विचारले, "डावीकडे की उजवीकडे?"

"खांबाजवळ."

"दाराकडचा खांब की बाजाकडचा?"

"बाजाकडचा."

सेड्रिकने डोळे मिटले. आठवडाभर रोज पाहिलेला तो चित्रपट त्याच्या डोक्यात चौकटीगणिक साठवलेला आहे. तो तिथे पोचला हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले.

"केस वर बांधलेली," तो हळूच म्हणाला. "तोंड उघडं टाकून हसणारी."

"हो."

"तिच्यावर मी... एक परिच्छेद लिहिलाय."

"वाचलाय मी. हा नाच किती उथळ आहे ते त्या पोरीच्या जबड्यावरूनच कळतं, असं काहीतरी आहे. चहा घे, गार होतोय."

मी केकचा तुकडा हातात घेऊन माझ्या घरी आलो. तिथे थांबणे बरे नव्हते.

पुढचे दिवस सेड्रिकला जड गेले. आधी त्याने आडून प्रयत्न केला. ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून तो नाच डिस्कवर असावा, असे त्याने त्या इंटरनेटवरच्या गावात लिहिले. लोकांनी त्याला सोलून काढले. ज्योतिष्याला कंपनीने किती दिले, असे कुणी विचारले. गुरुवारी बेसिल म्हणाला, "काय रे, या वयात मुरंबा गोड लागायला लागला?" सेड्रिकने निमूट बिअर संपवली.

घरी ग्लेनिसने त्याचे लिखाण वाचले आणि एवढेच विचारले, "मी दस्तऐवज आहे होय?"

तेव्हा त्याने दुसऱ्यांदा लिहिले. ते मी वाचले आहे. "त्या नाचात माझी बायको आहे. तिने तो कधीच पाहिलेला नाही. बाजाकडच्या खांबाजवळच्या मुलीविषयी मी जे लिहिलं ते मूर्खपणाचं होतं आणि मी ते मागे घेतो. नाच नको म्हणून मीच तुमच्याकडून सह्या घेतल्या. आता हवा म्हणून नव्या अर्जावर मागतो आहे."

मग पहिल्या अर्जासाठी सर्वांत जास्त सह्या जमवणाऱ्या हेलसिंकीच्या गृहस्थाने लिहिले, की तो नाच कुणाच्या तरी तळघरात शिल्लक असण्याची शक्यता त्याला दाट वाटते. दुसऱ्याने तळघर कुणाचे यावर अंदाज बांधला. तिसऱ्याने तो अंदाज खोडून काढला. दुपारपर्यंत वाद असा रंगला की सेड्रिकला कुणी माफ केले की नाही याचा सगळ्यांना विसर पडला. बेसिलने मात्र सही पहिली केली आणि वर बजावले, "ग्लेनिससाठी करतोय. तुझ्यासाठी नाही."

लॅपविंगने उत्तर दिले. नाचाची झिजलेली का होईना, प्रत सापडली होती. मूळ चित्रपट विन्स्लेडच्या इच्छेप्रमाणेच राहील आणि नाच वेगळा, शेवटी जोडला जाईल.

डिस्क शरद ऋतूत आली. दुपारी आम्ही तिघे पडदा ओढून बसलो. सेड्रिकचे म्हणणे, आधी मूळ चित्रपट, मग नाच. क्रम पाळला पाहिजे.

"आधी नाच," ग्लेनिस म्हणाली.

चित्र खरवडलेले होते आणि बाजाचा आवाज मध्येच बुडत होता. बरीच जोडपी गेली आणि मग ती आली. एका उंच पोराच्या हातात हात देऊन, मान मागे टाकून, सगळे दात दाखवत हसणारी. गिरकी घेऊन ती खांबामागे गेली, पुन्हा बाहेर आली आणि गर्दीत मिसळली. ग्लेनिस पुढे सरकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पाहत होती.

"तो कोण?" सेड्रिकने विचारले.

"हल गावच्या खाटकाचा मुलगा. सारखा पायावर पाय देत होता माझ्या. म्हणून तर हसत होते."

सेड्रिकने ते पुन्हा लावले. आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी त्याने चित्र थांबवले आणि टीव्हीच्या अगदी जवळ गेला.

"निळा फ्रॉक शोभत होता तुला."

"निळा कुठला? हिरवा होता तो. माझ्या मावशीने शिवलेला. हिरवागार."

"नक्की?"

"अरे, अंगात मी होते."

सेड्रिक ताठ उभा राहिला. "म्हणजे रंग चुकवलाय त्यांनी! सगळ्या प्रतीचा रंग निळ्याकडे ढकललाय. मला वाटलंच होतं. ही प्रत मागे घ्यावीच लागेल, मास्तर. दुरुस्त करून नवी काढतील. पुढच्या वर्षी. लिहून ठेवा." आणि तो तरातरा संगणकाच्या खोलीत गेला. तिकडून कळफलक बडवल्याचा आवाज येऊ लागला.

मीही निघण्यासाठी उठलो. ग्लेनिसने रिमोट आपल्याकडे ओढून घेतला होता आणि कुठले बटण कशाचे ते चष्मा कपाळावर चढवून बघत होती. तिला ते सापडले. बाजा पुन्हा सुरू झाला.

"बसा हो," टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली. "आता येईन मी."