उभी माती

सत्यभामा देवतळे यांच्या हातांखालून जितकी माती गेली, तितकी एखाद्या नांगराखालूनही गेली नसेल. जबलपूरच्या सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत त्या अठ्ठावीस वर्षं मदतनीस होत्या. गावोगावच्या कापडी पिशव्या यायच्या, प्रत्येकीत अर्धा किलो माती आणि नावाची चिठ्ठी. ती माती पत्र्याच्या तबकात सावलीला वाळवायची, लाकडी मोगरीने ढेकळं फोडायची, बारीक चाळणीने चाळायची आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायची. पुढचं काम साहेबांचं.

वडील गोंदियाहून रेल्वेच्या छोट्या लाइनीवर फिटर म्हणून आले ते इथलेच झाले. सत्यभामाबाईंचं बालपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं, लग्न झालं तेही कारखान्यात नोकरीला असलेल्या मुरलीधर देवतळ्यांशी. घरात कोणाचंच वावर नव्हतं. शेत त्यांनी पाहिलं ते बसच्या खिडकीतून. पण माती चिमटीत घेतली की कुठली असेल हे त्या बहुतेक वेळा बरोबर सांगत. पाटणकडची काळी बोटाला लोण्यासारखी लागायची, कुंडमची लालसर माती रव्यासारखी सुटायची. साहेब कधीकधी गमतीने चिठ्ठी झाकून विचारायचे आणि हरायचे.

नोकरीची तीन वर्षं उरली असताना मझौली तालुक्यातून एक पिशवी आली. चिठ्ठीवर नाव होतं शालिग्राम नाकाडे. मराठी नाव पाहून बाईंनी ती आधी उघडली. माती फिकट, करडी. चाळताना अर्ध्याहून जास्त खडेच चाळणीवर राहिले. साहेबांनी मातीतला सेंद्रिय कर्ब तपासला तेव्हा त्या शेजारी उभ्या होत्या. त्या तपासणीत नारिंगी द्रव मातीत घालतात. मातीत कुजलेला पालापाचोळा, मुळं, जिवाणू, म्हणजे जिवंतपणा जितका जास्त, तितका तो नारिंगी रंग हिरवा होत जातो. त्या दिवशी ओळीने बारा नळ्या होत्या. अकरा कमीजास्त हिरव्या झाल्या. नाकाड्यांची नारिंगीच राहिली.

साहेबांनी जुनं रजिस्टर काढलं. याच शेताची माती बारा वर्षांपूर्वी आली होती. तेव्हा कर्ब होता शून्य पूर्णांक अठ्ठावन्न टक्के. आता शून्य पूर्णांक तेहतीस.

अहवाल न्यायला शालिग्राम स्वतः आला. पन्नाशीचा, उंच, बोलायला संकोची माणूस. आजोबा भंडाऱ्याकडून येऊन मझौलीजवळ स्थायिक झालेले. खिडकीत मराठी ऐकून त्याला बरं वाटलं.

"ताई, माह्या वावराले का झालं? खत तर दरसाली वाढवून राहिलो."

सत्यभामाबाईंना उत्तर माहीत नव्हतं. आकडा त्यांना कळत होता, पण त्या आकड्यामागचं वावर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "भाऊ, मी येऊन पाहू का?" म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. पंचवीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी कोणालाच विचारला नव्हता.

रविवारी त्या निघाल्या तेव्हा मुलगी प्रणोती म्हणाली, "आई, पूरा हफ्ता माटीच तर बघते तू. आता संडेला पण?"

"हफ्ताभर पिशवी पाहते," बाई म्हणाल्या.

मे महिन्याचं ऊन. शालिग्रामने त्यांना वावराच्या कडेला नेलं आणि तिथे त्या थबकल्या. वावराच्या मधोमध जमीन फाटली होती. वरच्या उतारावर हातभर रुंद असलेली घळ खाली येता येता इतकी वाढली होती की तिच्यात बैल उभा राहिला तर शिंगंही दिसली नसती. दर पावसाळ्यात ती थोडी पुढे सरकते, असं शालिग्राम म्हणाला. मागच्या साली बोरीचं झाड गेलं.

बाई हळूहळू घळीत उतरल्या. खाली सावली होती. त्यांनी मान वर केली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिल्या.

ती भिंत म्हणजे माती होती, उभी. वरचा हातभर थर काळाभोर. त्यात केसांसारखी मुळं, गांडुळांची बिळं, मधेच एक पांढरा शिंपला. त्याखाली काळा रंग करड्यात उतरत गेलेला, जिथे एक संपून दुसरा सुरू होतो ती रेघ शोधूनही सापडत नव्हती. त्याखाली चुनखडीच्या गाठी मोत्यांसारख्या रुतलेल्या. आणि अगदी तळाशी पिवळा मुरूम, ज्याचा अजून दगडपणा गेलेला नव्हता. एका जुन्या झाडाचं मूळ ते सगळे थर ओलांडून मुरमापर्यंत पोचलं होतं.

सत्यभामाबाईंनी तळहात भिंतीला टेकवला. इतकी वर्षं त्यांनी हीच वस्तू मोगरीने फोडून, चाळून, भुकटी करून पाहिली होती. तिला वर आणि खाली असतं, तिला घडण असते, आत घरं आणि वाटा असतात, हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. साहेब एकदा म्हणाले होते की बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. तेव्हा ते वाक्य कानावरून गेलं होतं. आता त्यांनी बोटं आडवी धरून तो काळा थर मोजायला घेतला. एक बोट, दोन, तीन. सहाव्या बोटाशी त्यांचा हात थांबला. त्यांना मोजवेना.

"ताई, चक्कर आली का?" शालिग्रामने वरून विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "भाऊ, तुम्हीही खाली या. पाहा तरी, तुमच्याकडे काय आहे ते."

वर आल्यावर त्यांनी उताराच्या वरच्या टोकाशी खुरप्याने उकरून पाहिलं. तिथे काळी माती चार बोटंसुद्धा नव्हती. बाकीची कुठे गेली हे घळीने सांगितलंच होतं.

खरी गोष्ट कळली ती शालिग्रामच्या काकूकडून. भानुमतीकाकू ऐंशीच्या पुढच्या, कानाने मंद, बोलायला खणखणीत. त्या म्हणाल्या, "बंधी फोडली तवाच मी सांगतलं होतं. कोनी आयकलं काहून नाई ते इचार याले."

या भागात पूर्वी प्रत्येक वावराला चारी बाजूंनी छातीइतका मातीचा बांध असे. त्याला बंधी म्हणत. पावसाळ्यात वावरात पेरायचं नाही, पाणी कोंडायचं. दोन-अडीच महिने वावराचं तळं व्हायचं. दसऱ्याच्या सुमारास पाणी सोडून द्यायचं आणि त्या ओलीवर गहू, हरभरा पेरायचा. वरून पाणी द्यावं लागत नसे, तण पाण्याखाली कुजून जाई. मग सोयाबीन आलं. ते पावसाळ्यात घ्यायचं पीक, त्याला उभं पाणी चालत नाही. शालिग्रामच्या वडिलांनी बांध फोडला, तेव्हा आसपासच्या सगळ्यांनीच फोडले होते. दोन पिकं मिळू लागली. पाणी मोकळं धावू लागलं आणि जाताना माती घेऊन गेलं.

शालिग्राम खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "एका वावराची बांधतो. बाकीच्याइची नाई. एक हंगाम सोडनं मले झेपते, सारे नाई झेपत."

महिनाभरात बांध उभा राहिला. घळीच्या तोंडाशी दगड, काटेरी फांद्या आणि माती दाबून बसवली. पाणी सोडायची जुनी वाट कुठे होती हे काकूंनी बाजेवर बसून काठीने दाखवलं. तिथे बसवायला लोखंडी झडप मुरलीधररावांनी केली. निवृत्तीनंतर त्यांचे हात रिकामेच होते. जबलपूरच्या कमानिया गेटजवळच्या गल्लीतून पत्रा आणि चक्री आणून त्यांनी ती अंगणात आठ दिवस घासली. प्रणोती म्हणाली, "बाबा, तोफ बना रहे हो क्या?" ते घासतच राहिले, आणि झडप अशी बसली की कडेने थेंब गळेना.

जुलैत पाणी भरलं. बाई दर रविवारी जात. उतारावरून येणारं पाणी त्या बाटलीत भरत आणि घरी काचेच्या उंच नळीत ओतून ठेवत. चहासारखं गढूळ पाणी सकाळपर्यंत निवळे आणि तळाशी मऊ काळा गाळ बसलेला असे. बंधीच्या सांडव्यावरून बाहेर पडणारं पाणीही त्या आणत. त्याचा तळ जवळजवळ स्वच्छ असे. जाणारी माती थांबली होती, आणि थांबवायला लागला होता फक्त एक बांध.

ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी मात्र सगळंच जायची वेळ आली. बांधाच्या बाहेरच्या अंगाने अंगठ्याएवढी गढूळ धार फुटली. खेकड्याचं बीळ. पाहता पाहता धार मनगटाएवढी झाली. शालिग्रामचा चेहरा उतरला. तो कुदळ घेऊन धावला. "फोडून पानी सोडतो. नाईतर साराच बांध जाईन."

काकू ओसरीवरून ओरडल्या, "बाहेरून दाबू नोको. आतून तोंड शोध."

आत कमरेइतकं पाणी, वरून बिळाचं तोंड दिसणं शक्य नव्हतं. सत्यभामाबाईंनी पदर खोचला आणि त्या पाण्यात उतरल्या. झडप पाहायला सोबत आलेल्या मुरलीधररावांनी हाक मारली तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. बांधाच्या कडेने त्या वाकून पाण्याखाली तळहात फिरवत पुढे सरकू लागल्या. मऊ, मऊ, खडा, मऊ. आणि मग एके ठिकाणी तळहाताला ओढ लागली. कुणी आतून हात धरून खेचावा तशी.

"इथं आहे," त्या म्हणाल्या.

शालिग्रामने तणसाचा बोळा दिला. बाईंनी तो तिथे नेताच पाण्याने स्वतःच तो आत ओढून घेतला. दुसरा बोळा, तिसरा, मग चिकणमातीचे गोळे. शालिग्राम पायांनी तुडवत राहिला. बाहेरची धार बारीक झाली, थेंबांवर आली, थांबली. बाई काठावर येऊन बसल्या तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि मुरलीधरराव त्यांना टॉवेल देत होते.

ऑक्टोबरात झडप उचलली. दोन दिवसांत पाणी ओसरलं. उघड्या झालेल्या वावरावर दुधावरच्या सायीसारखा गाळ पसरला होता. बगळे चिकार उतरले. चौथ्या दिवशी बाईंनी पाहिलं, तर त्या सायीतून गांडुळांनी वर टाकलेल्या मातीची बारीक वेटोळी जागोजाग उठली होती. मेलेलं वाटलेलं वावर खालून हलत होतं. त्या उकिडव्या बसून किती तरी वेळ पाहत राहिल्या.

गहू एकही पाणी न देता आला. फार नाही, पण आला. शालिग्रामने नवी पिशवी पाठवली. बाईंनी ती वाळवली, चाळली, आणि ती नळी बघायला साहेबांच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या. आकडा आला छत्तीस.

साहेब म्हणाले, "ज़्यादा फर्क नहीं है, बाई."

"तीन आहे, साहेब," त्या म्हणाल्या. ती भिंत पाहिलेल्या बाईला तीन म्हणजे किती हे कळत होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. बांध घातल्याला आता पाच पावसाळे झाले. शेजारच्या दोघांनी बंध्या बांधल्या, तिसऱ्याने बांधून पुन्हा फोडली, कारण त्याला सोयाबीन सोडवलं नाही. शालिग्रामच्या खालच्या वावरात घळ अजून आहे, काठाला बांबू लावलाय तरी दरसाल वीतभर सरकतेच. बंधीतल्या वावराचा कर्ब चव्वेचाळीसवर आलाय. पूर्वीचा अठ्ठावन्न बाईंच्या हयातीत येईल की नाही कोण जाणे.

मागच्या हिवाळ्यात पेरणीआधी शालिग्रामने बंधीच्या कोपऱ्यात पुरुषभर खोल खड्डा खणला. कल्पना बाईंचीच. आसपासच्या गावांतले लोक आले, कोणी ट्रॅक्टरवर, कोणी मोटरसायकलवर. बाई शिडीने एकेकाला खाली पाठवत होत्या. "चप्पल राहू द्या, घाबरू नका, भिंतीला हात लावा." माणसं हसत खाली उतरत आणि वर येताना कमी बोलत. एक म्हातारे पटेल खाली गेले ते पंधरा मिनिटं वर आलेच नाहीत. हाक मारली तेव्हा ते म्हणाले, "रुको भैया, देखने दो. सत्तर साल इसके ऊपर चला हूँ."

शेवटी प्रणोती उतरली. ती आता राइट टाउनच्या एका शाळेत शिकवते, विज्ञान. तिने भिंतीवर सगळ्यात वरची दोन बोटांची रेघ पाहिली. तिचा पोत वेगळा होता, मऊ, एकसारखा.

"आई, हे काय आहे? ये तो अलग है."

"ते या पाच वर्षांचं आहे," सत्यभामाबाई वरून म्हणाल्या. "वरच्या उतारावरून वाहून जाणारं. इथं थांबलंय."

प्रणोतीने बोट लावलं. त्या नव्या थरातून गांडुळाचं एक बीळ सरळ खाली, जुन्या काळ्या मातीत गेलं होतं. ती बराच वेळ त्याच्या कडेने बोट फिरवत राहिली, मग वर पाहून म्हणाली, "आई, माझ्या मुलांना आणू इथे? चाळीस आहेत. बसमध्ये येतील."

बाईंनी शालिग्रामकडे पाहिलं. तो शिडीचे दांडे हलवून पाहत होता, चाळीस जणांना टिकेल की नाही म्हणून.